पत्ता गॅरीचाच

नवऱ्याची नोकरी बदलून इंडियानात, पोर्टेजच्या बाजूला गेली आणि शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातून त्याचं रोजचं जाणं-येणं तीन तासांवर पोचलं. मला आठवड्यातून तीन दिवस शिकागोच्या मध्यवस्तीतल्या ऑफिसात जावं लागतं. दोघांनाही जमेल असं ठिकाण शोधताना नकाशावर बोट फिरवत आम्ही मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाशी आलो. ऑक्टोबर 2023 मधली ही गोष्ट. अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली होती आणि मुलगी हायस्कूलला जायच्या आत कुठेतरी मूळ धरावं, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

जाहिरातीत लिहिलं होतं ‘मिलर बीच’. फोटोत वाळूच्या उतारावरचं 1953 चं बैठं लाकडी घर, मागे ओकची झाडं आणि मागच्या ओट्याच्या एका कोपऱ्यातून दिसणारी पाण्याची निळी रेघ. किंमत वाचून मला वाटलं, एखादा आकडा गाळलाय. मग खाली बारीक अक्षरात शहराचं नाव दिसलं. गॅरी.

ते नाव ऐकल्यावर लोकांचा चेहरा कसा होतो, हे पुढच्या आठ महिन्यांत मला पाठ झालं. महाराष्ट्र मंडळातल्या एका मैत्रिणीनं फोनवर आधी काही क्षण काहीच म्हटलं नाही. मग म्हणाली, “अगं, तिथून जाताना आम्ही पेट्रोलसाठीसुद्धा थांबत नाही.” ऑफिसातल्या एकानं बातम्यांच्या लिंका पाठवल्या: बंद चर्च, खिडक्या नसलेल्या शाळा, ओस पडलेली घरं. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. गॅरी हे पोलादाच्या कंपनीनं 1906 मध्ये वाळूवर वसवलेलं शहर, नावही कंपनीच्या अध्यक्षांचं. 1960 च्या जनगणनेत इथे 1,78,320 माणसं होती, 2020 मध्ये 69,093 उरली. इतकी माणसं गेल्यावर मागे रिकामी घरं राहणारच.

पण मी चिंचणीची. पालघर जिल्ह्यात, बोईसर स्टेशनपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. समोर समुद्र, किनाऱ्याला सुरूची बाग, आणि पाठीमागे तारापूरची एमआयडीसी. किनाऱ्यानं थोडं पुढे गेलं की 1969 पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र. बाबा रंगरसायनांच्या कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला होते. वारा कुठून येतोय यावर आईचं कपडे वाळत घालणं ठरायचं. आमच्याकडे पाहुणे आले की म्हणायचे, “समुद्र किती छान आहे हो तुमचा, पण तो वास!” समुद्र आणि वास वेगवेगळे करता येतात, असं आम्हाला लहानपणी कधी वाटलंच नाही. त्यामुळे धुराड्यांच्या शहरात वाळूचा किनारा आहे याचं मला नवल वाटलं नाही. उलट ओळखीचं वाटलं.

पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. हमरस्ता सोडून लेक स्ट्रीटला लागलो. लहान लहान दुकानं, एक-दोन चित्रांच्या गॅलऱ्या, कॉफीचं दुकान. मग रस्ता चढू लागतो, दोन्ही बाजूंना झाडं दाटतात, उजवीकडे डावीकडे उंचसखल टेकाडांवर घरं. ही टेकाडं म्हणजे गवता-झाडांनी धरून ठेवलेली वाळू. पुढे मार्केट (Marquette) पार्क, त्यातली तळी (ग्रँड कॅल्युमेट नदी इथूनच निघते आणि कारखान्यांच्या अंगाअंगानं पश्चिमेला जाते), पाण्याच्या काठाला 1921 मधली काँक्रीटच्या ठोकळ्यांची स्नानगृहाची इमारत. तिला आता ॲक्वाटोरियम म्हणतात. 1971 मध्ये ती बंद पडली होती, पाडायची वेळ आली होती. इथल्याच लोकांनी संस्था काढून ती वाचवली. तिथल्या फलकामुळे कळलं, की ऑक्टेव्ह शनूट नावाच्या, रेल्वेचे पूल बांधलेल्या इंजिनिअरनं 1896 च्या जूनमध्ये याच वाळूवर तंबू ठोकून ग्लायडरचे, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानांचे, प्रयोग केले. वय 64. राइट बंधूंना ज्यांच्या सल्ल्याचा पुढे आधार झाला, ते हेच गृहस्थ. ग्लायडरसाठी त्यांना जोराचा वारा, उंचवटा आणि पडलं तरी हाडं मोडणार नाहीत अशी जमीन हवी होती. इथे तिन्ही होतं.

आणि मग पाणी. उजवीकडे बघितलं तर टेकाडं आणि जंगल, ते इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यानात मोडतं. डावीकडे बघितलं तर पोलादाच्या कारखान्याची धुराडी, पांढऱ्या वाफेचे लोट, मैलोन्‌मैल. समोर तिरपं बघितलं तर पाण्यापलीकडे काड्यापेट्या उभ्या केल्यासारखे शिकागोचे मनोरे. मुलगी बूट काढून चालायला लागली आणि थबकली. कोरड्या वाळूवर पाय घासला की ती किर्र वाजत होती. गारगोटीचे गोलसर, एकसारखे दाणे एकमेकांवर घासले की तसा आवाज येतो. ती पंधरा मिनिटं नुसती पाय घासत फिरत होती.

मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

“हा कुठला समुद्र गं?”

“समुद्र नाही आई, तळं आहे. गोडं पाणी.”

“तळ्याला पलीकडचा काठ असतो,” आई म्हणाली. मग जरा वेळानं, “भरती कधीची आहे आज?”

भरती-ओहोटी इथे जाणवण्याइतकी नसतेच, हे तिला पटेना. वारा एका बाजूनं जोरात लागला तर पाणी दुसऱ्या टोकाला चढतं, एवढंच. पण या पाण्याची आपली एक संथ भरती-ओहोटी असते, ती दिवसांची नाही तर वर्षांची. 2013 च्या जानेवारीत सरोवराची पातळी आजवरच्या नोंदीतली सर्वांत खाली गेली होती, आणि 2020 मध्ये ती त्याच्या सुमारे सहा फूट वर होती, महिन्यामागून महिना विक्रम मोडत. सात वर्षांत सहा फूट. घर घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हे समजून घ्यायला हवं, आणि हे मला घर दाखवणाऱ्या एजंटनं सांगितलं नाही. सांगितलं ते शेजारच्या आजींनी.

घर बघून बाहेर आलो तेव्हा त्या आपल्या पायऱ्यांवरची वाळू झाडत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, उंच, कृष्णवर्णीय बाई, डोक्याला रुमाल बांधलेला. खराट्यासारखा जाड झाडू, आणि झाडलेली वाळू टाकून न देता त्या एका बादलीत भरत होत्या. मी हसले, त्या हसल्या. कुठून आलात, काय करता, झालं. मी म्हटलं, “मिलर बीचला घर बघतोय.”

त्यांनी झाडू थांबवला. “मिलर 1918 पासून गॅरीत आहे, पोरी. घर घेणार असशील तर गॅरीत घे. नुसत्या मिलरमध्ये घेऊ नकोस.”

तेव्हा मला त्याचा पूर्ण अर्थ कळला नाही. पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती, ती मला ऐकू आली.

पुढची प्रक्रिया सविस्तर लिहिते, कारण या वाटेनं जाणाऱ्या मराठी माणसांना उपयोग होईल, आणि मला कोणी आधी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री झोप लागली असती.

कर्जाची पूर्वमंजुरी हे पहिलं काम. तेव्हा व्याजाचे दर सात टक्क्यांच्या आसपास होते. आमची नोकरी, बचत, क्रेडिट, सगळं व्यवस्थित. फोनवरचा माणूस भराभर बोलत होता. मालमत्तेचं शहर विचारलं, मी सांगितलं, आणि त्याचा वेग मंदावला. “तुम्ही आजूबाजूची दुसरी गावं बघितलीत का?” असं त्यानं दोनदा विचारलं. पत्र दिलं, पण ते दोनदा विचारणं माझ्या मनात राहिलं.

नवऱ्याची शंका वेगळी होती. तो धातुशास्त्राचा माणूस, पायाबद्दल काटेकोर. वाळूवर घर? उद्या टेकाड सरकलं तर? त्यासाठी आम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या डग्लस केंद्रात गेलो. ते मिलरमध्येच, लेक स्ट्रीटवर आहे. तिथल्या रेंजर बाईंनी आमच्याबरोबर पायवाटेनं अर्धा तास चालून जे दाखवलं, ते मला कुठल्याही कागदापेक्षा जास्त पटलं. पाण्याजवळच्या टेकाडावर नुसतं गवत. त्याच्यामागे कॉटनवुडची झाडं, निम्मी वाळूत पुरलेली आणि तरीही हिरवी. मग जॅक पाइन. मग काळे ओक, त्यांच्याखाली पाचोळा आणि काळपट झालेली माती. हेन्री काउल्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1899 मध्ये याच टेकाडांवरून मांडलं, की किनाऱ्याकडून आत चालत जाणं म्हणजे काळातून मागे चालत जाणं आहे. पाणी मागे हटत गेलं तशी एकामागून एक टेकाडं तयार झाली, आणि प्रत्येकावर झाडं याच क्रमानं येत गेली. “तुमच्या घरामागे काय आहे?” रेंजर बाईंनी विचारलं. ओक, मी म्हटलं. “म्हणजे ते टेकाड केव्हाच स्थिरावलंय. ओक सरकत्या वाळूत उभे राहत नाहीत.” नवऱ्यानं परतीच्या वाटेवर प्रत्येक झाडाला थांबून बघितलं.

मार्चमध्ये ऑफर दिली. चार दिवसांनी मान्य झाली. बयाण्याची रक्कम भरली आणि घराच्या तपासणीची तारीख घेतली.

तपासणी ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी. तिथे पैसे वाचवू नका. आमचा तपासनीस चार तास होता. छपराखाली, विजेच्या पेटीत, आणि जमिनीच्या खालच्या दोन-अडीच फूट उंचीच्या पोकळीत तो पोटावर सरपटत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मूठभर वाळू होती, पूर्ण कोरडी. “हे चांगलं लक्षण,” तो म्हणाला. चिकणमातीवरच्या घरांना तळघरात पाणी शिरण्याचं दुखणं असतं, वाळूतून पाणी थेट निघून जातं. पण नळ जुने, जस्ताच्या मुलाम्याचे लोखंडी. वर नळ सोडला की बोटाएवढी धार यायची. आतून गंजानं ते इतके बुजले होते.

त्यानं सांडपाण्याच्या नळाची कॅमेरा-तपासणी वेगळे पैसे देऊन करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी एक माणूस काळ्या केबलचं मोठं रीळ घेऊन आला. केबलच्या टोकाला अंगठ्याएवढा दिवा आणि कॅमेरा. तो तळातल्या झाकणातून आत सरकवत होता आणि आम्ही तिघं अंगणात वाकून छोट्या पडद्याकडे बघत होतो. भाजलेल्या मातीचा लालसर नळ, दर दोन-तीन फुटांवर एक सांधा. पहिले दहा-बारा सांधे स्वच्छ. मग एका सांध्यातून पांढऱ्या केसांची एक बट आत उतरलेली दिसली. पुढच्यातून जट. त्याच्या पुढच्यातून तर इतकं घट्ट जाळं की कॅमेरा तिथे अडला, पाण्याचे थेंब त्या मुळांवर दिव्यात चकाकत होते. मुलगी हळूच म्हणाली, “किती सुंदर आहे.” खरंच सुंदर होतं. समोरच्या कॉटनवुडनं वाळूतून चाळीस फूट येऊन पाणी शोधलं होतं. दुरुस्तीचा अंदाज नऊ हजार डॉलर्स. विकणाऱ्यांनी त्यातले सहा सोसले.

खरी अडचण आली ती मूल्यांकनाच्या वेळी. बँक आपला माणूस पाठवून, जवळपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करून घराची किंमत ठरवते, आणि ती ठरलेल्या सौद्यापेक्षा कमी आली तर तेवढं कर्ज कमी मिळतं. आमचं मूल्यांकन चौदा हजारांनी कमी आलं. अहवाल नीट वाचला तर कळलं, तुलनेसाठी घेतलेली तीनपैकी दोन घरं शहराच्या दुसऱ्या टोकाची, आमच्यापासून सहा-सात मैलांवरची होती. शहर एकच म्हणून घर एकसारखं. मी लिहून आक्षेप घेतला. उत्तर आलं, जवळपास पुरेसे व्यवहार सापडले नाहीत.

मी आजींच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांना ते चार ओळींचं उत्तर वाचून दाखवलं. त्या आत गेल्या, दोन कप चहा घेऊन आल्या, आणि बोटांवर मोजत सांगायला लागल्या: त्या वळणावरचं हिरवं घर गेल्या ऑगस्टमध्ये विकलं, तळ्याकडचं विटांचं दिवाळीच्या सुमाराला (त्यांनी थँक्सगिव्हिंग म्हटलं, मी मनात दिवाळी ऐकलं), आणि कोपऱ्यावरचं तर या जानेवारीत. तिन्ही आमच्या घरापासून अर्ध्या मैलाच्या आत. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नोंदींत तिन्हींचे आकडे सापडले.

त्याच दिवशी त्यांनी पाट्यांची गोष्ट सांगितली. 1967 मध्ये गॅरीनं रिचर्ड हॅचर यांना महापौर निवडलं, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांपैकी एक. त्याआधीच गोरी कुटुंबं शहर सोडायला लागली होती, आता तो वेग वाढला. दलाल घरोघरी जाऊन सांगायचे, आता विका, पुढच्या वर्षी मातीमोल होईल. एका दारात ‘विकणे आहे’ची पाटी लागली की आठवड्यात त्या गल्लीत पाच लागायच्या. म्हणून शहरानं निवासी भागात अशा पाट्या लावायलाच बंदी केली. दलालांनी कोर्टात दावा लावला. 1974 मध्ये फेडरल अपील कोर्टानं बंदी वैध ठरवली. (पुढे 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका गावाची अशीच बंदी रद्द केली, तो भाग निराळा.) आजी आणि त्यांचे यजमान त्या सुमारासच या गल्लीत राहायला आले. यजमान कारखान्यात, भट्टीवर. गल्लीतली सगळी काही गेली नाहीत. राहिलेल्या गोऱ्या आणि आलेल्या काळ्या कुटुंबांनी मिळून समिती केली, एकमेकांच्या घरी जेवणं ठेवली, दलाल आला की एकमेकांना फोन करायचे. “मिलर टिकलं ते नशिबानं टिकलं नाही,” आजी म्हणाल्या. “पण उरलेलं शहर टिकलं नाही म्हणून आपण वेगळे, असं कोणी म्हणायला लागलं की मला झोप लागत नाही. ज्या पगारावर हे घर उभं राहिलं, तो तिकडून आला.” आणि झाडूच्या दांड्यानं त्यांनी पश्चिमेकडे, धुराड्यांकडे दाखवलं.

मी तीन घरांचे तपशील जोडून दुसरं पत्र लिहिलं. तीन आठवडे लागले. मूल्यांकन नऊ हजारांनी वाढलं, उरलेले पाच विकणाऱ्यांनी सोडले. बँकेनं चूक झाली असं कुठेही लिहिलं नाही. मला ते लिहून हवं होतं. अजूनही हवंय. कारण आमच्याकडे आजी होत्या आणि लिहायला वेळ होता. ज्यांच्याकडे हे दोन्ही नाही, त्यांचा सौदा चौदा हजारांवर मोडतो, घर आणखी एक वर्ष रिकामं राहतं, आणि मग त्या रिकाम्या घराचा फोटो बातमीत येतो.

विमा आणि कर यांबद्दल थोडक्यात. नेहमीच्या घरविम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं, त्याचा सरकारी योजनेतला विमा वेगळा घ्यावा लागतो. तो घेतल्यावर सहसा 30 दिवसांनी लागू होतो, कर्जाच्या व्यवहाराबरोबर घेतला तर वाट बघावी लागत नाही. आमचं घर पूरक्षेत्राच्या बाहेर, बँकेची सक्ती नव्हती, तरी मी घेतला. चिंचणीच्या मुलीला पाण्याबद्दल नकाशावर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. इंडियानात मालमत्ता कर एक वर्ष मागून भरतात, मे आणि नोव्हेंबरच्या 10 तारखेला, त्यामुळे विकणाऱ्याच्या काळातल्या कराचे पैसे खरेदीच्या दिवशी त्याच्याकडून वळते करून घ्यायचे असतात, ते तपासा. आणि जाहिरातीतला कराचा आकडा बघून घाबरू नका. स्वतः राहत असलेल्या घराला मूल्याच्या 1 टक्क्याची मर्यादा आहे, इतर निवासी मालमत्तेला 2 टक्क्यांची. विकणारे शिकागोचे होते, शनिवार-रविवारपुरते यायचे, म्हणून त्यांचा आकडा मोठा होता. खरेदीच्या वेळीच ‘स्वतः राहणार’चा अर्ज भरून टाकायचा.

पाण्याच्या आणि हवेच्या बाबतीत मी डोळे मिटून घेतले नाहीत. एप्रिल 2017 मध्ये पोर्टेजमधल्या एका कारखान्यातून विषारी क्रोमियम सरोवराला मिळणाऱ्या बर्न्स वॉटरवे या कालव्यात गेलं आणि जवळचे किनारे बंद करावे लागले. असं पुन्हा होऊ शकतं. मुलगी पोहायला जाण्याआधी किनाऱ्याच्या पाण्याचा अहवाल बघायचा, ही आता घरातली सवय आहे. आई कपडे वाळत घालण्याआधी वारा बघायची, तशी.

मे 2024 मध्ये साउथ शोअर रेल्वेचा दुहेरी मार्ग सुरू झाला आणि मिलरचं नवं स्टेशन मला मिळालं. जूनमध्ये क्लोजिंग, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्या. टायटल कंपनीच्या (मालकीची कागदपत्रं तपासून व्यवहार पुरा करणारी कंपनी) खोलीत लांब टेबल, सह्यांचे पन्नासेक कागद. शिकागोकडे अशा वेळी वकील असतो, इथे बहुतेक लोक तसंच उरकतात. मी प्रत्येक कागद वाचला, समोरच्या बाईंनी घाई केली नाही. प्रत्येक पानावर मालमत्तेचा पत्ता होता आणि त्यात मिलर हा शब्द एकदाही नव्हता. गॅरी, लेक काउंटी, 46403. किल्ल्या पाकिटात नव्हत्या, विकणाऱ्या बाईंनी त्या एका शिंपल्यात घालून दिल्या.

घरात राहायला लागल्यावर कळलं की वाळू हा इथला चौथा सभासद आहे. ती खिडकीच्या खाचेत असते, अंथरुणात असते, डब्याच्या झाकणात असते. आजी ती बादलीत का भरतात, तेही कळलं. महिन्याकाठी ती बादली त्या किनाऱ्याच्या वाटेवर, टेकाडाच्या उघड्या पडलेल्या जागी रिकामी करतात. 2020 मध्ये लाटा इतक्या आत आल्या होत्या की त्यांनी तेव्हापासून ही सवय लावून घेतली. एका बादलीनं काय होणार, असं मी विचारलं नाही. मीही एक बादली ठेवली.

किनाऱ्यावर रोज चालते. तो कुणा एकाचा नाही. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये निकाल दिला, की पाण्याच्या नेहमीच्या वरच्या खुणेपर्यंतची वाळू राज्याच्या मालकीची, लोकांसाठी राखलेली, मग मागे कुणाचाही बंगला असो. आमच्या गल्लीतून रविवारी शहराच्या सगळ्या भागांतली कुटुंबं छत्र्या, बर्फाच्या पेट्या आणि आज्यांना घेऊन पाण्याकडे जातात. मला ती मिरवणूक आवडते. ओट्यावर बसून बघते.

गेल्या एप्रिलमध्ये आजींच्या सांगण्यावरून आम्ही आमच्या आणि त्यांच्या मधल्या उघड्या उतारावर मॅरम गवत लावलं. उद्यानातून एक काडीही उपटायची नसते, ते बेकायदा आहे, म्हणून रोपवाटिकेतून मागवलं. आठ इंच खोल भोक, दोन-तीन काड्या एकत्र, दीड दीड फुटावर. वरून मेल्यासारख्या दिसणाऱ्या पिवळ्या काड्या. हे गवत वाळूत गाडलं गेलं की मरत नाही, उलट जोम धरतं. वर्षाला तीन फूट वाळू अंगावर आली तरी वर येतं, आणि खालून आडवी मुळं पसरवत वाळू बांधून ठेवतं. जूनमध्ये आमच्या ओळींच्या बाहेर, मोकळ्या वाळूत, एका सरळ रेषेत पाच हिरवे कोंब दिसले. खाली मूळ कुठून कुठे गेलंय, ते वरून वाचता येत होतं.

जुलैत आई आली. पहिल्याच संध्याकाळी तिला पाण्यावर नेलं. तिनं साडी जरा वर खोचली, ओंजळ भरली आणि जिभेला लावली. मग माझ्याकडे बघितलं, फसवल्यासारखं. दुसरी ओंजळ घेतली. परतताना त्या हिरव्या कोंबांपाशी थांबली, वाकून मुळाशी बोट घातलं. “मर्यादवेलीचं काम करतंय हे,” म्हणाली. चिंचणीला किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते, तिच्यावर पाय देऊ नका म्हणून आई आम्हाला ओरडायची.

आजी पायरीवर बसल्या होत्या. आईला इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी शून्य. मी मध्ये बसले. अंधार पडत आला, पश्चिमेला धुराड्यांवरचे दिवे लागले आणि ढगाच्या पोटाला नारिंगी रंग चढला. आई बराच वेळ तिकडे बघत होती.

“यांना विचार,” ती म्हणाली, “दुसरी पाळी किती वाजता सुटायची?”

मी विचारलं.

“अकरा,” आजी म्हणाल्या. “घरी यायला साडेअकरा. जेवण झाकून ठेवायचे.”

मी मराठीत सांगायच्या आधीच आईनं मान हलवली. “अकराच,” ती म्हणाली. “यांचीही अकराच.”